नाकाचे माप आणि रक्ताचा थेंब

मुंबई लष्करात हयात घालवलेले कितीतरी महार शिपाई पेन्शनीत निघाल्यावर रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीत येऊन राहिले. १८९२ च्या सुमारास सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. लढाऊ कोण, बिगरलढाऊ कोण हे आता पराक्रमावरून नव्हे, जन्मावरून ठरू लागले. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांच्या जातभाईंची नावे कोरलेली आहेत, त्यांना सांगण्यात आले की तुमच्या रक्तात लढाई नाही! याविरुद्ध १८९४ साली अर्ज तयार केला तो दापोलीच्याच निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी.

रक्त न तपासताच रक्ताचा निकाल लावण्याच्या या रीतीला पुढे शास्त्राची वस्त्रे चढली. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख रिस्ले यांनी नाकाच्या रुंदीवरून जातीची उच्चनीचता मांडली. जातिसंस्था म्हणजे सुप्रजननाचा थोर प्रयोग, असेही पंडित सांगू लागले. आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिभेदाचे निर्मूलन'मध्ये या पंडितांना रोकडा सवाल केला: हा प्रयोग असेल तर त्यातून कसली प्रजा निपजली? दहातले नऊ लोक लष्करी सेवेला नालायक! १९४८ साली तर त्यांनी नाकाचीच मापे पुढे करून ब्राह्मण आणि अस्पृश्य भिन्न वंशाचे नाहीत हे दाखवले. मोजपट्टीला त्यांचा विरोध नव्हता. ती कोणाच्या हाती आहे, हे ते पाहत होते.

हे सारे आज आठवण्याचे कारण सिकलसेलची तपासणी. विदर्भात आदिवासींबरोबर पूर्वाश्रमीच्या महार समाजातही हा आजार आहे. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याचा संभव चारात एक. वाहक स्वतः सहसा धडधाकट असतो. तपासणीने मूल लवकर ओळखता येते, उपचार लवकर सुरू होतात, जीव वाचतो. म्हणून तपासणी नको म्हणणे हा करंटेपणा ठरेल.

पण अमेरिकेत काय घडले? १९७१ पासून ब्लॅक पँथर पक्षाने आपल्या वस्त्यांत स्वतःच ही तपासणी सुरू केली. (१९७२ साली आपण त्यांचे नाव घेतले, त्यांचे हे काम मात्र आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते.) त्याच सुमारास काही राज्यांनी ती सक्तीची केली. मग वाहकालाच रोगी समजून नोकऱ्या आणि विमा नाकारला गेला. हवाई दलाच्या अकादमीचे दार तर वाहकांना १९८१ पर्यंत बंद होते. दापोलीच्या पेन्शनरांना ही गोष्ट ओळखीची वाटली असती.

१ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. आदिवासीबहुल भागांतील सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट. हातात कार्ड मिळते, लग्नाआधी ते जुळवून पाहा असे सांगतात. सल्ला योग्यच, पण जोडीदार वाहक नसेल तर अपत्याला आजार होत नाही, हे त्याच बैठकीत कोण सांगणार? ते न सांगितल्यास कार्डाची पत्रिका होईल आणि नाकारली जाईल ती मुलगी. हा दोष मलेरियाच्या प्रदेशात टिकला. आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, ग्रीसमध्येही आहे. त्याला 'जातीचा रोग' म्हणणाऱ्या मास्तराला, डॉक्टरला, नातेवाइकाला तिथल्या तिथे टोकणे आणि निकाल ज्याचा त्यालाच एकांतात सांगा असा आग्रह धरणे, हे काम वस्तीतल्या कार्यकर्त्याला आजच करता येण्यासारखे आहे.