गुण आला, म्हणजे खरे ठरले का?

मनोविश्लेषण हे शास्त्र आहे की नाही, हा वाद आपण व्हिएन्ना-लंडनचा समजतो. त्याचे एक पान परळच्या के.ई.एम. रुग्णालयातही लिहिले गेले, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

फ्रॉइडचा विचार आपल्याकडे रुजला तो कलकत्त्यात. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली तिथे संस्था काढली. मुंबईत १९३८ नंतर एमिलिओ सर्वादिओ हे इटालियन विश्लेषक राहिले. मुसोलिनीच्या वंशकायद्यांनी त्यांना देश सोडायला लावला होता. पण वर्षानुवर्षे, आठवड्यातून चार-पाच तास कोचावर पडून बोलत राहणे लालबागच्या गिरणी कामगाराला कुठून परवडणार?

के.ई.एम.चे डॉ. एन. एस. वाहिया यांनी वेगळी वाट धरली. पतंजलीच्या आधाराने आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा आणि ध्यान असा पाच पायऱ्यांचा उपचार त्यांनी बसवला. त्यावरचा त्यांचा लेख १९६६ साली ब्रिटनमध्ये छापून आला. पुढे १९७०च्या सुमारास त्यांच्या पथकाने एका गटाला पूर्ण उपचार दिला आणि दुसऱ्याला वरून तसाच दिसणारा, पण गाभा नसलेला. पूर्ण उपचारवाल्यांना गुण अधिक आला. गंमत अशी, की या पथकातले तरुण डॉ. दिलीप जेस्ते मानसोपचाराकडे वळले होते ते फ्रॉइड वाचूनच!

आता खरा प्रश्न. स्वप्नाची ताबीर चुकली तरी सांगणाऱ्याला कुणी धरत नाही. अर्थ कसाही फिरवता येतो. कार्ल पॉपरचा फ्रॉइडवर हाच आक्षेप होता: जे कशानेच खोटे ठरत नाही, ते विज्ञान नव्हे. अडॉल्फ ग्रुनबाउम यांनी १९८४च्या ग्रंथात पॉपरला खोडले. त्यांच्या मते फ्रॉइड तपासता येतो, फक्त पुरावा अपुरा पडतो. अर्थ वस्तुस्थितीशी जुळला तरच रोगी बरा होतो, असे फ्रॉइड म्हणे. पण रोगी डॉक्टरवरच्या भरवशानेही बरा होत असेल तर? कहाणी आतून सुसंगत असणे, तिचा उपयोग होणे आणि ती घडलेली असणे, या तीन निराळ्या गोष्टी आहेत.

हीच कसोटी वाहियांनाही लावली पाहिजे. गुण आला म्हणून चित्त पतंजली सांगतो तसेच असते, हे काही सिद्ध होत नाही. मात्र हा गुण नुसत्या भरवशाचा तर नाही ना, हे ताडून पाहण्यासाठी नकली उपचाराचा गट समोर ठेवण्याचे काम परळला झाले, तेव्हा ग्रुनबाउम यांचा ग्रंथ निघायला दहाएक वर्षे अवकाश होता.