तापीकाठचा पाळणा

सुरतेच्या लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत जळगाव-धुळ्याचा माणूस फार वेळ परका राहत नाही. पाटी गुजरातीत, भाव हिंदीत आणि घरातली भांडणे मात्र अहिराणीत. ह्या बोलीत मुलाला आंडोर म्हणतात आणि मुलीला आंडेर. दोन पिढ्यांमागे एकेका घरात चार आंडोर आणि तीन आंडेर असणे ही काही सांगण्याजोगी गोष्ट नव्हती. आज त्याच घराण्याची नातवंडे एक किंवा दोन मुलांवर थांबली आहेत. का, म्हणून विचारले तर बहुतेक जण 'महागाई' एवढाच शब्द उच्चारतात. तो खोटा नाही. पण महागाई आजीच्या काळीही होती, आणि दुष्काळ तर होतेच.

आजीचा हिशेब वेगळा होता. पाच झाली तर तीन हाताशी लागतील, असा तो हिशेब. त्यात अडाणीपणा नव्हता, अनुभव होता. १८९६ पासून प्लेग, त्यानंतर १९१८ चा इन्फ्लुएन्झा; १९२१ च्या शिरगणतीत देशाची लोकसंख्या १९११ पेक्षाही कमी भरली. १९७१ सालीसुद्धा भारतात जन्मलेल्या हजार बाळांपैकी १२९ पहिला वाढदिवस पाहत नव्हती. २०२० मध्ये ही संख्या २८ वर आली. जन्मलेले मूल जगणार, अशी खात्री ज्या दिवशी आईला वाटू लागली, त्या दिवसापासून पाळणा थांबवण्याचा विचार तिच्या आवाक्यात आला. १९९४ च्या प्लेगच्या बातमीने रिकामी झालेली आणि पुढल्या दोन-तीन वर्षांत झाडून-धुऊन निघालेली सुरत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना गटार आणि पाळणा यांचा संबंध समजावून सांगण्याची गरज नाही.

विचाराचा इतिहास मात्र याहून जुना आहे, आणि तो आपणा दुभाषी मुलखातल्या लोकांचा सामाईक आहे. १ मे १९६० पर्यंत सुरत आणि खानदेश एकाच मुंबई राज्यात होते, हे आपली मुले विसरली आहेत. त्याच मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र उघडले. १९२५ मध्ये त्यांना विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवले. खटले झाले, एका खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. पुढे १९३८ च्या नोव्हेंबरात, संततिनियमनाच्या सोयी सरकारने लोकांना उपलब्ध करून द्याव्यात, असा प्रस्ताव आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात मांडला. भाषण बाबासाहेबांनी तयार केलेले होते. प्रस्ताव फेटाळला गेला. बाईच्या प्रकृतीचा आणि गरिबाच्या संसाराचा तो प्रश्न त्या सभागृहाला पेलला नाही.

सुरतेच्या शेजारीच नवसारी, व्यारा, सोनगड हा मुलूख गायकवाडांचा. तिथे सयाजीराव महाराजांनी १९०४ मध्ये बालविवाहाला कायद्याने अटकाव केला आणि १९०६ पासून राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, मुलींनासुद्धा. या कायद्यांत कुटुंब लहान ठेवण्याविषयी एक अक्षर नाही. तरी माझे मत विचाराल तर, पाळणा लांबवण्याच्या कामी शाळेने जितके केले तितके कोणत्याही घोषणेने केले नाही. चार इयत्ता शिकलेली बाई दवाखान्यात निदान प्रश्न विचारते.

घोषणा पुष्कळ आल्या. लाल त्रिकोण आला, 'अमे बे, अमारां बे' आले. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते राहिले. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, त्यांत बहुसंख्य पुरुषांच्या. त्या जबरदस्तीने पुरुष असा बिथरला की, पुढे सारे ओझे बाईच्या अंगावर आले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी ३८ टक्के स्त्रियांचे ऑपरेशन झालेले आढळले. पतीची नसबंदी झालेली जोडपी शंभरात अर्धेही भरत नाहीत. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, तरीही.

याच पाहणीत एका स्त्रीमागे मुलांचे प्रमाण गुजरातेत १.९ आणि महाराष्ट्रात १.७ निघाले. १९९२-९३ मध्ये ते दोन्हीकडे तीनच्या आसपास होते. सुरतेत ही तीस वर्षे कशी गेली ते डोळ्यांपुढे आणावे. नवरा बारा-बारा तास लूमवर, बायको घरी साड्यांना टिक्या-खडे लावणार, दहा बाय बाराची खोली, सासू गावी. बाळंतपणाला माहेरी अमळनेर-नंदुरबारला जायचे तर तितके महिने तिचा रोजगार बुडणार. मूल सांभाळायला कोणी नाही आणि मुलाने आठव्या वर्षी कामाला हातभार लावावा, असे शेतही नाही. गावात मूल दोन हात घेऊन येत होते; इथे ते शाळेची फी घेऊन येते.

शाळेवरून आठवले. सुरत महानगरपालिकेच्या शाळा गुजराती, मराठीसह सात माध्यमांतून चालतात. मराठी वर्गाचा पट घटला की आपण इंग्रजीच्या नावाने बोटे मोडतो. पण पाच मुले असताना दोन मराठीत, एक गुजरातीत, असे वाटून टाकता येत होते. एकच मूल असले की आईबापांची छातीच होत नाही.

एक हिशेब मात्र फार वाईट उतरला. मुले दोनच, पण त्यांत एक आंडोर हवाच. २०११ च्या जनगणनेत सुरत जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ७८७ स्त्रिया निघाल्या. बाहेरून एकटे आलेले कामगार हे त्याचे मोठे कारण. पण सहा वर्षांखालची मुले काही लूमवर कामाला आलेली नव्हती. त्यांच्यातही हजार मुलग्यांमागे मुली ८३५ च होत्या. गुजरातला नावे ठेवून आपल्याला मोकळे होता येत नाही, कारण गाडीच्या दुसऱ्या टोकाला, जळगाव जिल्ह्यात, हा आकडा ८४२ होता. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ चा. सोनोग्राफीचे यंत्र त्यांच्याआधी पोहोचले होते.

त्या गणतीतली ती मुले आता लग्नाच्या वयाकडे येत आहेत. खानदेशात जमीन असलेल्या मुलाला मुलगी मिळत नाही आणि सुरतेत हिरे घासणाऱ्या सौराष्ट्राच्या मुलालाही मिळत नाही. उधन्याच्या फलाटावर, भुसावळकडच्या गाडीची वाट पाहताना, दोन्ही भाषांतून एकच चौकशी ऐकू येते : तुमच्या ओळखीत कुणाची मुलगी आहे का?