न्यायासनापुढे मनाची परीक्षा

खून कोणी केला हे सिद्ध झाले की न्यायालयाचे काम संपले, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः खरा अवघड प्रश्न कित्येकदा त्यानंतरच उभा राहतो. हात कोणाचा होता हे साक्षीपुराव्याने कळते. पण तो हात ज्या मनाने चालविला ते मन त्या क्षणी स्वतःच्या ताब्यात होते काय? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी न्यायाधीशाला मनाच्या जाणकाराची मदत घ्यावी लागते. या जाणकाराने आरोपीला कसे तपासावे, काय लिहावे व काय लिहू नये, याचे शास्त्र आज तयार झाले आहे. ते एका दिवसात झाले नाही. सुमारे अडीचशे वर्षांच्या खटल्यांतून, आणि काही वेळा माणसांच्या प्राणांची किंमत देऊन, त्याचा एकेक नियम घडत गेला आहे.

1760 साली इंग्लंडमध्ये अर्ल फेरर्स नावाच्या सरदाराने आपल्या कारभाऱ्याला गोळी घालून ठार केले. खटला उमराव सभेपुढे चालला. आपण त्या वेळी भ्रमिष्ट होतो, असा बचाव फेरर्सने घेतला. परंतु त्या काळच्या रिवाजाप्रमाणे हा बचाव त्याला स्वतःच मांडावा लागला. आपल्याला वेड लागले होते हे सिद्ध करण्यासाठी त्याने साक्षीदारांना इतके व्यवस्थित प्रश्न विचारले की, त्या व्यवस्थितपणानेच त्याचा बचाव दुबळा केला. त्याने बोलाविलेल्या साक्षीदारांत लंडनच्या बेथलेम या वेड्यांच्या इस्पितळाचे वैद्य डॉ. जॉन मन्रो होते. वेडाची सर्वसाधारण लक्षणे कोणती, हे त्यांनी सांगितले. पण समोर उभा असलेला हा विशिष्ट माणूस त्या विशिष्ट दिवशी कोणत्या अवस्थेत होता, हे कोण सांगणार? फेरर्सला 5 मे 1760 रोजी टायबर्न येथे फाशी देण्यात आली.

पुढे 1800 साली जेम्स हॅडफील्ड नावाच्या एका माजी सैनिकाने नाटकगृहात राजा तिसरा जॉर्ज याच्यावर पिस्तूल झाडले. लढाईत त्याच्या मस्तकावर तलवारीचे खोल घाव बसले होते. त्याचे वकील टॉमस अर्स्किन यांनी असे प्रतिपादन केले की, वेडा म्हणजे ज्याला काहीच समजत नाही असा माणूस, ही कल्पनाच चुकीची आहे. माणूस हिशेब करील, पिस्तूल विकत घेईल, बेत आखील, आणि तरीही एका भ्रमाच्या पकडीत असेल. हा युक्तिवाद न्यायालयाला पटला. हॅडफील्ड सुटला, मात्र अशा माणसांना मोकळे न सोडता अटकावात ठेवण्यासाठी पार्लमेंटने त्याच वर्षी कायदा केला.

यानंतरचा खटला आपल्याला अधिक जवळचा आहे, कारण त्याची सावली भारताच्या कायद्यावरही पडली आहे. 20 जानेवारी 1843 रोजी लंडनमध्ये डॅनियल मॅकनॉटन या ग्लासगोच्या लाकूडकाम करणाऱ्या कारागिराने एडवर्ड ड्रमंड यांना पाठीमागून गोळी घातली. ड्रमंड हे पंतप्रधान सर रॉबर्ट पील यांचे खाजगी चिटणीस. आपण पील यांनाच मारीत आहोत, अशी मॅकनॉटनची समजूत होती. पाच दिवसांनी ड्रमंड मरण पावले. टोरी पक्षाचे लोक आपला जागोजाग पाठलाग करीत आहेत व आपले जीवन त्यांनी उद्ध्वस्त केले आहे, असे मॅकनॉटनने पकडला गेल्यावर सांगितले.

त्याचे वकील अलेक्झांडर कॉकबर्न यांनी जी तयारी केली, ती आजच्या परीक्षकालाही धडा ठरावी. आरोपीच्या तोंडच्या कथेवर ते विसंबले नाहीत. गुन्हा घडण्याच्या पुष्कळ आधीपासून मॅकनॉटन ग्लासगोतील अधिकाऱ्यांकडे जाऊन या काल्पनिक छळाविरुद्ध संरक्षण मागत असे. त्या अधिकाऱ्यांना कॉकबर्न यांनी साक्षीला आणले. ज्यांच्या घरी तो राहत असे त्यांना आणले, बापालाही आणले. फाशी चुकविण्यासाठी तुरुंगात वेडाचे सोंग घेता येईल. पण घडायच्या असलेल्या गुन्ह्यासाठी वर्षा-दोन वर्षांपूर्वी सोंग कोण घेईल? त्याला तुरुंगात तपासणाऱ्या वैद्यांत डॉ. एडवर्ड टॉमस मन्रो होते. फेरर्सच्या खटल्यात साक्ष देणाऱ्या जॉन मन्रोंचे हे नातू. आजोबांनी वेडाची लक्षणे सांगितली होती. नातवाने आरोपीला समक्ष तपासून मत दिले. सगळ्याच वैद्यांचा कौल एका बाजूला पडल्यामुळे मुख्य न्यायाधीश टिंडल यांनी खटला पुढे ताणला नाही. ज्यूरीने मॅकनॉटनला वेडाच्या कारणास्तव निर्दोष ठरविले. त्याची रवानगी बेथलेममध्ये झाली. पुढे 1864 साली त्याला ब्रॉडमूर येथे हलविण्यात आले आणि 1865 मध्ये तेथेच त्याचा अंत झाला.

या निकालाने इंग्लंडमध्ये मोठा गदारोळ उडाला. उमराव सभेने न्यायाधीशांना पाच प्रश्न विचारले व त्यांची उत्तरे जून 1843 मध्ये मिळाली. मनोविकारामुळे आपण काय करीत आहोत हे ज्याला कळत नव्हते, किंवा ते कळत असूनही ते गैर आहे हे ज्याला उमगत नव्हते, त्यालाच हा बचाव मिळावा, हे त्या उत्तरांचे सार. मॅकनॉटनचे नियम म्हणून ही उत्तरे प्रसिद्ध आहेत. त्या पाच प्रश्नांपैकी शेवटचा प्रश्न फारसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. या खटल्यात काही वैद्यांनी आरोपीला कधीही न तपासता, केवळ न्यायालयात बसून साक्षी ऐकून मत दिले होते. असे मत विचारणे योग्य आहे काय, असा तो प्रश्न होता. न्यायाधीशांनी उत्तर दिले की, असे मत देताना वैद्याला आधी साक्षींच्या खरेखोटेपणाचा निर्णय करावा लागतो, आणि तो निर्णय ज्यूरीचा आहे. यास्तव जेथे घटनांविषयी वाद नाही, फक्त शास्त्राचा प्रश्न उरला आहे, तेथेच असे मत विचारणे सोयीचे ठरेल. परीक्षकाचे काम कोठे संपते व न्यायाधीशाचे कोठे सुरू होते, याची सीमारेषा येथे स्पष्टपणे आखली गेली.

हिंदुस्थानात मेकॉलेच्या आयोगाने दंडविधानाचा मसुदा 1837 सालीच केला होता. पण तो कायदा झाला 1860 मध्ये. त्याच्या 84 व्या कलमात मॅकनॉटनच्या नियमांचे प्रतिबिंब स्पष्ट दिसते. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली. तिच्या 22 व्या कलमातही तत्त्व तेच राहिले. सर्वोच्च न्यायालयाने 1964 साली गुजरातेतील एका खटल्यात सांगितले की, महत्त्वाची आहे ती गुन्हा घडतेवेळची मनःस्थिती. आणि ती ठरविताना त्या घटनेच्या आधीचे, त्या वेळचे व नंतरचे वर्तन पाहावे लागते. कॉकबर्न यांनी ग्लासगोहून साक्षीदार का आणले, याचेच हे कायद्याच्या भाषेतील उत्तर होय.

आरंभी हे काम केवळ वैद्यांचे होते. विसाव्या शतकात मानसशास्त्रज्ञ आपल्या चाचण्या घेऊन न्यायालयात येऊ लागले, तेव्हा त्यांच्या अधिकाराविषयी शंका घेण्यात आली. अमेरिकेत जेंकिन्स खटल्यात खालच्या न्यायालयाने ज्यूरीला असे बजावले की, मानसशास्त्रज्ञ वैद्य नव्हेत, सबब त्यांचे रोगाविषयीचे मत विचारात घेऊ नये. 1962 साली वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने हे फिरविले. साक्षीदाराच्या नावामागे कोणती पदवी आहे एवढ्यावरून त्याला नाकारता येणार नाही. त्याचे शिक्षण व अनुभव प्रत्यक्षात काय आहे ते पाहावे, असा तो निकाल होता.

अधिकार मिळाला म्हणजे जबाबदारी आलीच. वैद्याकडे रोगी येतो तो बरे होण्यासाठी. न्यायालयाच्या परीक्षकासमोर बसलेला माणूस बरे होण्यासाठी आलेला नसतो. धर्मगुरूपाशी केलेले पापनिवेदन त्याच्यापाशीच राहते. परीक्षकापाशी बोललेला शब्द मात्र कागदावर उतरून भर न्यायालयात वाचला जाऊ शकतो. म्हणून पहिला प्रश्न विचारण्यापूर्वीच परीक्षकाने सांगावयाचे असते की, आपण कोणाच्या सांगण्यावरून आलो, कशासाठी आलो, आणि येथे बोललेले कोणाकोणाच्या हाती जाईल. हे न सांगितल्याने काय होते, हे 1981 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दाखविले. टेक्ससमधील एका खुनाच्या आरोपीला तुरुंगात सुमारे 90 मिनिटे तपासण्यात आले. तो खटल्याला तोंड देण्यास समर्थ आहे की नाही, एवढेच पाहावयाचे होते. पुढे त्याच भेटीच्या आधारावर, हा माणूस समाजाला सदैव घातक राहील, अशी साक्ष झाली आणि त्याला मृत्युदंड झाला. त्याला कोणी सावध केले नव्हते. तपासणीचा असा उपयोग होईल याची त्याच्या वकिलांनाही कल्पना नव्हती. खालच्या न्यायालयांनी तो मृत्युदंड रद्द ठरविला होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला.

यावरून दुसरा नियम निघतो. प्रश्न नेमका कोणता, हे आधी ठरले पाहिजे. आरोपी आज आपल्या वकिलाशी समजून-उमजून बोलू शकतो काय व खटला म्हणजे काय हे त्याला कळते काय, हा एक प्रश्न. गुन्ह्याच्या क्षणी त्याचे मन कसे होते, हा दुसरा. शिक्षा ठरविताना त्याच्या जीवनातील कोणत्या गोष्टी ध्यानात घ्याव्यात, हा तिसरा. आज शहाणा असलेला माणूस त्या दिवशी भ्रमिष्ट असू शकतो, आणि त्या दिवशी शुद्धीवर असलेला आज तुरुंगात खचून गेलेला असू शकतो. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी ठेवले की अन्याय घडतो.

मग प्रत्यक्ष तपासणी. एका भेटीवर चांगला परीक्षक समाधान मानीत नाही. पोलिसांचे कागद, शाळेची व इस्पितळाची दप्तरे, घरच्यांचे व शेजाऱ्यांचे म्हणणे, तुरुंगातील पहारेकऱ्यांनी पाहिलेले वर्तन, या सर्वांशी आरोपीचे बोलणे तो ताडून पाहतो. सोंग ओळखण्याचीही हीच वाट आहे. सोंग घेणारा बहुधा नको तितकी लक्षणे सांगतो. एकत्र सहसा न आढळणारी लक्षणे एकत्र आणतो. आणि कोणी पाहत नाही असे वाटले की त्याला ती लक्षणे आठवत नाहीत. उलटपक्षी खरा रोगी पुष्कळदा आपला रोग लपवितो. चाचण्यांचेही तारतम्य हवे. एका भाषेत व एका समाजात पारखलेली चाचणी दुसऱ्या भाषेच्या माणसावर जशीच्या तशी चालत नाही. सीमाभागातील मराठी बोलणाऱ्या अल्पशिक्षित माणसाला परक्या भाषेत प्रश्न विचारले व त्याने चुकीची उत्तरे दिली, तर ती बुद्धीची उणीव म्हणावी की भाषेची, हे ठरविणे परीक्षकाचे कर्तव्य आहे.

शेवटी अहवाल. तपासणी कोणी करविली, आरोपीला काय समजावून सांगितले, कोणत्या दिवशी किती वेळ भेट झाली, कोणते कागद वाचले व कोणते मिळाले नाहीत, हे त्यात आरंभीच यावे. नंतर डोळ्यांनी पाहिलेले, कानांनी ऐकलेले आणि स्वतः काढलेले अनुमान ही तीन वेगवेगळी ठेवावी. ‘आरोपी कपटी दिसतो’ हे निरीक्षण नव्हे. ‘आरोपीने तीन भेटींत तारीख तीन प्रकारे सांगितली’ हे निरीक्षण होय. निष्कर्षाविरुद्ध जाणारा पुरावाही लिहावा. उलटतपासणीत तो निघणारच असतो, आणि निघाला नाही तरी सत्य सांगण्याची शपथ आहेच. भाषा न्यायाधीशाला, वकिलाला आणि स्वतः आरोपीलाही समजेल अशी असावी. विचारलेल्या प्रश्नाशी संबंध नसलेली खाजगी माहिती केवळ ती कळली म्हणून त्यात ओतू नये.

भारतातही या विचाराने मूळ धरले आहे. आरोपीच्या संमतीवाचून त्याच्यावर नार्को-परीक्षा, असत्यशोधक यंत्र किंवा मेंदूची चाचणी लादता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली सेल्वी खटल्यात ठरविले. मनाची परीक्षा ही मनावर घातलेली धाड होऊ नये, हा त्यातील भाव. त्यानंतर 20 मे 2022 रोजी आला तो मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्याचा निकाल. 2011 साली इंदूर शहरात एकाच घरातील तीन स्त्रियांचा दरोड्यात खून झाला होता. अपराध भयंकर होता, आणि तो सिद्धही झाला होता. खालच्या न्यायालयांनी तिन्ही आरोपींना मृत्युदंड दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा दोष कायम ठेवला, पण मृत्युदंडाऐवजी किमान 25 वर्षांची जन्मठेप दिली. शिवाय असे सांगितले की, ज्या खटल्यांत मृत्युदंड होऊ शकतो त्यांत आरोपीचा मानसिक तपासणीचा अहवाल राज्यानेच वेळेवर, शक्यतो खटल्याच्या सुरुवातीच्या काळातच, न्यायालयापुढे ठेवावा. वर्षानुवर्षांच्या तुरुंगवासानंतर केलेली तपासणी त्या काळच्या मनाचे चित्र दाखवील कसे?

इंदूरच्या त्या घरातील तीन जीव कोणत्याही अहवालाने परत येणार नाहीत, आणि त्यांच्या आप्तांचे दुःख कोणत्याही कलमात मावणार नाही. म्हणूनच परीक्षकाने दया दाखविण्यासाठी लिहू नये, आणि सूड घेण्यासाठीही लिहू नये. फेरर्सला स्वतःच्या वेडाचा वकील स्वतःच व्हावे लागले होते. आज गरिबातील गरीब आरोपीसाठीही कोणीतरी जाणता माणूस शांतपणे बसून, ऐकून, पडताळून लिहावा, अशी अपेक्षा कायदा करतो. ती अपेक्षा प्रत्येक जिल्हा न्यायालयात पुरी व्हावयाची, तर असे जाणते पुरेशा संख्येने तयार झाले पाहिजेत, आणि त्यांना आरोपीच्या भाषेत आरोपीशी बोलता आले पाहिजे. निर्णय न्यायाधीशाचा असतो. पण तो देण्यापूर्वी त्याच्यापुढे आलेले कागद खरे असावेत, एवढी खबरदारी परीक्षकाच्या हाती आहे.