टीएसआर-२ : चोवीस उड्डाणांचे आयुष्य

६ एप्रिल १९६५. ब्रिटिश संसदेत अर्थमंत्री जेम्स कॅलहन अर्थसंकल्प मांडत होते. तंबाखू आणि मद्यावरील करांची चर्चा व्हायची त्या भाषणातच त्यांनी एका लढाऊ विमानाचा प्रकल्प रद्द झाल्याचे सांगून टाकले. त्या विमानाचा दुसरा नमुना त्याच दिवशी पहिले उड्डाण करणार होता. ते उड्डाण झालेच नाही.

विमानाचे नाव टीएसआर-२. विस्ताराने सांगायचे तर टॅक्टिकल स्ट्राइक अँड रिकॉनेसन्स, अर्थात हल्ला आणि टेहळणी ही दोन्ही कामे करणारे. दोन इंजिने, दोन वैमानिकी आसने आणि अपेक्षा मात्र दहा विमानांच्या. आजचा धागा त्याच्यावर.

पार्श्वभूमी आधी पाहू. ब्रिटिश हवाई दलाचे कॅनबेरा हे बॉम्बफेकी विमान १९५० च्या दशकात जुने होऊ लागले होते. (हेच कॅनबेरा भारतीय हवाई दलानेही घेतले आणि आपल्याकडे ते थेट २००७ पर्यंत सेवेत राहिले.) कॅनबेरा उंचावरून उडे, सोव्हिएत क्षेपणास्त्रांच्या युगात उंची हे संरक्षण उरले नव्हते. म्हणून नवे विमान जमिनीलगत, सुमारे ६० मीटरवरून, रडारच्या नजरेखालून शत्रूच्या प्रदेशात शिरावे, असे ठरले. शिवाय उंचावर त्याने ध्वनीच्या दुप्पट वेग गाठावा, कोणत्याही हवामानात लक्ष्य शोधावे आणि आखूड, ओबडधोबड धावपट्टीवरूनही उडावे!

वेळ मात्र विचित्र होती. एप्रिल १९५७ मध्ये संरक्षणमंत्री डंकन सँडिस यांच्या श्वेतपत्रिकेने भविष्य क्षेपणास्त्रांचे आहे असे जाहीर करून वैमानिकाच्या लढाऊ विमानांवर जवळजवळ फुली मारली. त्या तडाख्यातून जे थोडे वाचले, त्यात हा प्रकल्प होता. परिणामी हवाई दलाने आपल्या साऱ्या आकांक्षा याच एका विमानात कोंबल्या. माझ्या मते त्याच्या अंताची सुरुवात इथे आहे, १९६५ मध्ये नाही.

सरकारला विमान कंपन्यांचे विलीनीकरणही याच कंत्राटाच्या जोरावर घडवायचे होते. व्हिकर्स आणि इंग्लिश इलेक्ट्रिक या जुन्या प्रतिस्पर्ध्यांना एकत्र काम करावे लागले आणि १९६० मध्ये ब्रिटिश एअरक्राफ्ट कॉर्पोरेशन जन्मली. इंजिनही सरकारनेच निवडले. रचनाकारांना रोल्स-रॉइसचे हवे होते. मिळाले ब्रिस्टल सिडलीचे ऑलिम्पस. प्रत्येक निर्णयाला समिती, समितीवर समिती. एका घरात दहा कारभारी असले की काय होते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

ऑलिम्पस शक्तिशाली होते, पण घातकही. ३ डिसेंबर १९६२ रोजी फिल्टन येथे व्हल्कन विमानाखाली बसवून त्याची जमिनीवर चाचणी चालू असताना इंजिनाचा दंड तुटला, टर्बाइनची तबकडी बाहेर फेकली गेली आणि ते व्हल्कन जळून खाक झाले. दोष पुरता दूर झालेला नसतानाच २७ सप्टेंबर १९६४ रोजी बॉस्कम डाउन येथून रोलंड बीमाँट यांनी टीएसआर-२ चे पहिले उड्डाण केले. मागच्या आसनावर डॉन बोवेन होते. इंजिन कोणत्या टप्प्यावर दगा देऊ शकते हे दोघांना ठाऊक होते.

दुसऱ्या उड्डाणासाठी ३१ डिसेंबर उजाडला. त्या दिवशी इंधनपंपाची कंपने अशी जुळली, की बीमाँट यांचे डोळेच त्या तालावर थरथरू लागले आणि दृष्टी धूसर झाली. चाके नीट आत जायला दहावे उड्डाण यावे लागले.

आणि तरीही ते विमान अपूर्व होते. २२ फेब्रुवारी १९६५ च्या उड्डाणात विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला आणि बीमाँट यांनी एकाच इंजिनाचा पुनर्ज्वलक पेटवला. सोबतच्या लाइटनिंग विमानाला त्याला गाठण्यासाठी आपले दोन्ही पुनर्ज्वलक पेटवावे लागले.

पण तोवर राजकारण पुढे सरकले होते. ऑक्टोबर १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियाने अमेरिकेच्या एफ-१११ ला पसंती दिली. एकमेव आशादायक परदेशी ग्राहक गेला. ऑक्टोबर १९६४ मध्ये हॅरॉल्ड विल्सन यांचा मजूर पक्ष निसटत्या बहुमताने सत्तेवर आला, तेव्हा पौंड डळमळीत होता. दीडशेच्या आसपास विमानांचा एकूण खर्च सुमारे ७५ कोटी पौंडांवर जाईल, असा अंदाज होता. १ एप्रिल १९६५ रोजी मंत्रिमंडळाची दोनदा बैठक झाली आणि फैसला लागला.

ब्रिटनमध्ये आजही अनेकांना हा अमेरिकेच्या दबावाखाली झालेला घात वाटतो. मला ते पटत नाही. एफ-१११ ची स्वस्त वाटणारी किंमत संरक्षणमंत्री डेनिस हीली यांना मोहात पाडत होती, हे खरे. पण साम्राज्य आटत असताना सुएझच्या पूर्वेकडील युद्धांसाठी इतके महाग विमान कोणत्या हिशेबात बसणार होते? शिवाय कटाचा लाभही कोणाला झाला नाही. एफ-१११ चीही किंमत वाढत गेली, नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले आणि जानेवारी १९६८ मध्ये ब्रिटनने तीही मागणी रद्द केली. शेवटी हवाई दलाच्या वाट्याला आले बकानियर, नौदलासाठी बनलेले आणि हवाई दलाने पूर्वी नाक मुरडलेले विमान. ते १९९१ च्या आखाती युद्धातही लढले.

मात्र एका गोष्टीचे समर्थन करणे अवघड आहे. प्रकल्प थांबताच कारखान्यातील साचे आणि अर्धवट सांगाडे तोडून टाकण्यात आले. निर्णय फिरवण्याची वाटच उरू नये, असा त्याचा अर्थ अनेकांनी लावला. वाचले ते ऑलिम्पस इंजिन; त्याच वंशातील इंजिनांवर पुढे काँकॉर्ड उडाले.

आज टीएसआर-२ चे दोन नमुने पाहायला मिळतात, एक कॉसफर्डच्या आणि दुसरा डक्सफर्डच्या संग्रहालयात. दोन्हीही कधी आकाशात गेले नाहीत. जे एकमेव विमान चोवीस वेळा, एकूण सुमारे १३ तास उडाले, त्याला शूबरिनेस येथील तोफांच्या चाचणीक्षेत्रावर नेऊन लक्ष्य म्हणून उभे केले गेले.