गोंदण आणि डाग

फुलचूरला आमच्या घरी आजीचा एकच फोटो आहे. गोंदियातल्या स्टुडिओत काढलेला, कृष्णधवल, पोस्टकार्डाएवढा. गेल्या वर्षी मोबाइलवरच्या एका ॲपमधून मी तो ‘सुधारून’ घेतला. चेहरा उजळला, चरे गेले. सोबत हनुवटीवरच्या गोंदणाचे तीन ठिपकेही गेले. यंत्राच्या लेखी ते डागच होते. आत्याने पाहिले आणि म्हणाली, “ही माझी माय नाही.”

सुधारणा कुठे संपते आणि पुरावा पुसणे कुठे सुरू होते? हा प्रश्न फोटोशॉपच्या (१९९०) आधीचा आहे. काचेच्या निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने सुरकुत्या बुजवणे, प्रिंटवर हाताने रंग भरणे ही स्टुडिओतली नित्याची कामे होती. पण पेन्सिलीची रेघ भिंगाखाली सापडते. मूळ फाइलवरच बदल साठवला, तर आधी तिथे काय होते हे ती फाइल सांगू शकत नाही.

इथे अजिंठा आठवतो. रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून केलेल्या चित्रांच्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मूळ चित्रे लेण्यांत होती, म्हणून जॉन ग्रिफिथ्स यांना १८७२ पासून सर जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांसह पुन्हा नकला करता आल्या. घरच्या फोटोमागे असे लेणे नसते. माणूस गेलेले असते, उरतो तो कागद.

म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीत केला, ६०० डीपीआयवर, टिफ स्वरूपात. स्कॅनरची धूळ काढण्याची सोय बंद ठेवून. रंगीत स्कॅनमध्ये ओलीचा डाग तपकिरी दिसतो, गोंदण छायाचित्राच्याच करड्या छटेत राहते. मग टॉर्च तिरपा धरून प्रिंट पाहिला. चरा प्रकाशात चमकतो, कारण तो कागदावर असतो. गोंदण तसेच राहते, कारण ते चेहऱ्यावर आहे. अशी खात्री झाल्यावरच एकेक चरा वेगळ्या लेयरवर बुजवला. मूळ फाइलला हात लावला नाही.

नव्या प्रिंटमागे काय बदलले ते पेन्सिलीने लिहून ठेवले आहे. आत्याने तो हातात घेऊन हनुवटीवर बोट ठेवले. ठिपके मोजले. तीन.