डरहॅमच्या खाणकामगारांची ‘मोठी सभा’

इंग्लंडच्या ईशान्येकडील डरहॅम परगण्यातील कोळसा-खाणकामगारांचा वार्षिक मेळावा ‘गाला’, म्हणजे उत्सव, या नावाने ओळखला जातो. परंतु कामगारांच्या बोलण्यात ती ‘मोठी सभा’ होय. एकाच प्रसंगास ही दोन नावे का पडली, याचा उलगडा खाणगावाच्या नित्य जीवनातून होतो.

१८७२ पर्यंत येथील कामगार वार्षिक करारपत्राने मालकाशी बांधलेला असे. राहते घर मालकाचे, चुलीतला कोळसाही मालकाचा. काम सुटले की छप्परही जाई. १८६९ मध्ये येथील खाणकामगारांचा संघ स्थापन झाला आणि १८७१ मध्ये पहिला मेळावा भरला.

खाणीत कोणी कोठे कोळसा फोडावयाचा, हे दर तीन महिन्यांनी चिठ्ठ्या टाकून ठरे. या प्रथेस ‘कॅव्हिल’ म्हणत. मजुरी फोडलेल्या कोळशाच्या वजनावर असल्याने चांगली जागा म्हणजे चार पैसे अधिक. परंतु ती आपल्या मर्जीतील माणसास देणे मुकादमाच्या हाती नसे. एकाच जागी पाळीपाळीने राबून मिळकत वाटून घेणारे जोडीदार परस्परांस ‘मार्रा’ म्हणत.

मेळाव्यात हाच समभाव उघड्यावर येई. प्रत्येक खाणीच्या शाखेचा चित्रित रेशमी ध्वज बँडच्या साथीने निघे. वर्षभरात ज्या खाणीत मृत्यू घडला असेल, तिच्या ध्वजावर काळे वस्त्र चढवीत. २९ मे १९५१ रोजी ईझिंग्टन येथील स्फोटाने ८३ बळी घेतले. त्या वर्षी त्या गावचा ध्वज असाच निघाला. १९३४ च्या वेल्समधील ग्रेसफर्ड दुर्घटनेत २६६ जण दगावले. त्यांच्या स्मरणार्थ रॉबर्ट सेंट या खाणकामगाराने रचलेली धून १९३८ च्या मेळाव्यात वाजली व पुढे परंपरेचाच भाग झाली. म्हणजे शोक हा या उत्सवातील व्यत्यय नव्हे. तो त्याचे एक अंगच होय.

१९८४–८५ चा संप फसला आणि १९९३ अखेर या क्षेत्रातील शेवटची खोल खाणही बंद झाली. तरी मेळावा थांबला नाही; कित्येक गावांनी नवे ध्वज करवून घेतले. ‘मार्रा’ हा शब्दही आज केवळ ‘मित्र’ या अर्थाने बोलला जातो. शब्द आणि ध्वज, दोहोंचा आधार असलेले काम गेले. त्या कामाने जोडलेले नाते मात्र दोहोंत टिकून राहिले.