क्नूड येन्सनचा मृत्यू : एका रूढ समजुतीची चिकित्सा

हौशी सायकलपटूंमधील औषधसेवनाचा इतिहास सांगणारे लेखक बहुधा २६ ऑगस्ट १९६० ह्या तारखेपाशी येऊन थांबतात. रोम येथील ऑलिंपिक सामन्यांत त्या दिवशी शंभर किलोमीटरची वेळेविरुद्धची सांघिक शर्यत होती. तीत भाग घेणारा क्नूड एनेमार्क येन्सन हा तेवीस वर्षांचा डॅनिश तरुण सायकलवरून कोसळला आणि त्याच दिवशी मरण पावला. ऑलिंपिकच्या इतिहासातील औषधसेवनाचा पहिला बळी, अशी त्याची नोंद अनेक ग्रंथांत आढळते. ही नोंद ज्या आधारावर उभी आहे तो आधार मात्र फारसा तपासला गेलेला नाही.

घटना अशी. उष्मा ४० अंश सेल्सियसच्या आसपास होता. प्रत्येक संघात चार स्वार असत आणि तिसऱ्या स्वाराची वेळ ही संघाची वेळ धरली जाई. डॅनिश संघातील एक जण उन्हामुळे पहिल्या फेरीनंतरच शर्यतीबाहेर पडला. राहिलेल्या तिघांपैकी एकालाही आता थांबण्याची मुभा नव्हती; एक गळाला की संघच बाद! येन्सनला घेरी येऊ लागली तेव्हा दोघा साथीदारांनी त्याला दोन्ही बाजूंनी सावरून धरले, अंगावर पाणी मारले. तो जरा सावरलासे वाटून आधार काढून घेतला जाताच तो रस्त्यावर आपटला व त्याची कवटी फुटली. तेथून त्याला नेण्यात आले ते एका तापलेल्या लष्करी तंबूत. तो पुन्हा शुद्धीवर आला नाही.

संघाच्या प्रशिक्षकाने पुढे स्वारांना रोनिकॉल नावाचे औषध दिल्याचे सांगितले आणि चर्चेचा रोख एकाएकी बदलला. परंतु इटालियन वैद्यकीय तज्ज्ञांनी मार्च १९६१ मध्ये दिलेल्या निष्कर्षात मृत्यूचे कारण उष्माघात असे आहे; औषधाचा पुरावा त्यात नाही. शवविच्छेदनात अँफेटामिनचा अंश सापडला होता हे विधान आले ते एका इटालियन डॉक्टरच्या आठवणीतून, आणि तेही पुष्कळ वर्षांनी. व्हेर्नर म्योलर ह्या डॅनिश संशोधकाने २००५ मध्ये ह्या सर्व पुराव्याची छाननी करून रूढ कथा कशी निराधार आहे हे दाखवून दिले. तथापि पाठ्यपुस्तकांत ती कथा अजून टिकून आहे. एका ग्रंथातून दुसऱ्यात उतरत गेलेले विधान केवळ पुनरुक्तीच्या बळावर प्रमाण ठरते, ह्याचा हा चांगला नमुना होय.

ह्या गोंधळात शब्दाचाही वाटा आहे. ‘डोप’ हा शब्द अमेरिकन इंग्रजीत आला तो डच भाषेतील ‘डोप’ म्हणजे पदार्थ बुडवून खाण्याचे कालवण ह्या अर्थाच्या शब्दावरून. पुढे कोणत्याही दाट लगद्याला, मग अफूला आणि अखेरीस शर्यतीच्या घोड्याला चोरून चारलेल्या औषधाला तो लावला जाऊ लागला. (दक्षिण आफ्रिकेतील ‘डोप’ नावाच्या मद्याशी त्याचा संबंध जोडणारी व्युत्पत्ती क्रीडावैद्यकाच्या पुस्तकांत वारंवार भेटते, ती रंजक आहे, इतकेच.) मराठीत आपण ‘उत्तेजक द्रव्य’ म्हणतो. आता रोनिकॉल हे मुळी उत्तेजक नव्हेच. ते रक्तवाहिन्या रुंदावणारे औषध. रक्ताभिसरणाच्या विकारांवर ते देत असत. कडक उन्हात त्याने अपाय होणे संभवनीय आहे, पण त्यामुळे स्वाराला कृत्रिम जोम चढला असे म्हणता येणार नाही. ‘उत्तेजक’ हा शब्द योजताच निवाडा आधी होतो आणि चौकशी मागून येते.

दुसरा शब्द ‘हौशी’. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९३८ च्या कैरो अधिवेशनात औषधसेवनाचा निषेध केला होता आणि असे करणाऱ्याला हौशी स्पर्धांचे दार बंद करावे असे ठरविले होते. म्हणजे औषध हा मूलतः हौशीपणाविरुद्धचा अपराध मानला गेला, शरीराविरुद्धचा नव्हे. पैशासाठी खेळणारा धंदेवाईक औषध घेणारच, हौशी मनुष्य निर्मळ, अशी ही विभागणी होती. ती किती भाबडी होती हे १९६५ च्या ब्रिटनमधील ‘मिल्क रेस’ ह्या हौशी शर्यतीने दाखविले. दूध विक्रीमंडळाच्या आश्रयाने चाललेल्या त्या शर्यतीत खुद्द आघाडीवरील स्वारासह तिघे अँफेटामिनच्या सेवनाबद्दल बाद झाले. हौशी सायकलपटूंतील सेवनाचा प्रयोगशाळेने सिद्ध केलेला पुरावा हवा असेल, तर तो येथे आहे, रोममध्ये नाही.

येन्सनच्या मृत्यूनंतर ऑलिंपिक समितीने १९६१ मध्ये आर्थर पोरिट ह्यांच्याकडे वैद्यकीय समितीचे काम सोपविले, आणि १९६८ पासून ऑलिंपिकमध्ये रीतसर तपासणी सुरू झाली. ह्या सुधारणेला एका हुतात्म्याची गरज होती आणि तो मिळाला. मात्र त्यामुळे दुसरे काही प्रश्न मागे पडले : ऐन ऑगस्टच्या उन्हात ही शर्यत कोणी ठेवली, तीन स्वारांचा नियम कोणी केला, मरणासन्न माणसाला तंबूत कोणी ठेवले? १९१२ साली स्टॉकहोम येथे मॅरेथॉन धावताना पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो असाच उन्हाने कोसळला व दुसऱ्या दिवशी वारला. उन्हापासून बचावासाठी त्याने अंगाला चरबी चोपडली होती आणि त्यामुळे घाम निघणे बंद झाले असे सांगतात. त्याची गणना उष्म्याच्या बळींत होते. येन्सनची मात्र अजून होत नाही.